सुपाएवढे कान

माझी माय उठल्यापासून शिव्या द्यायची आणि त्या ऐकतच मी मोठी झाले. हे मी खाली मान घालून सांगत नाही. चूल पेटली नाही की चुलीला, शेळीनं दावं तोडलं की शेळीला, दूध नासलं की गवळ्याला, आणि यातलं काहीच घडलं नाही तर देवाला, की आज सगळं सुरळीत चाललंय म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंस म्हणून. मुडद्या, मसन्या, बैताड, तुह्या तोंडात माती पडो, हे शब्द आमच्या घरात पाणी भरण्याच्या आवाजासारखे दिवसभर चालू असायचे. लाडानं डोक्याला तेल चोळतानाही ती 'मेले, मान सरळ ठेव ना' म्हणायची. एकदा मला ताप आला आणि उतरेना, तेव्हा मला कडेवर घेऊन ती आमच्या गल्लीतल्या मारुतीपुढं जाऊन उभी राहिली. 'मारुत्या, तेल पायजे तवा बरे डोळे उघडतं. पोरगी तापानं फनफनून राह्यली, आता काऊन झोपला बे?' असं ती त्याला मोठ्यानं विचारू लागली. देवळातला गुरव शेंदूर लावता लावता हसला, त्यानं अंगारा दिला आणि म्हणाला, 'घाबरू नको माय, ऐकलं त्यानं.' कुणाला काही लागलं नाही. मारुतीलाही लागलं नसावं, कारण ताप उतरला.

आमचं घर आदिलाबादच्या भाजीबाजाराच्या मागं होतं. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला थोडी जमीन होती. बापू तिथं वांगी, मिरच्या, कोथिंबीर, अंबाडी लावायचे आणि सकाळी तोडून आणलेला माल चौकातल्या दुकानात मांडायचे. दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्या, वर ताडपत्री आणि खाली फळ्या. कापसाच्या दिवसांत जिनिंगचा भोंगा झाला की चौक गाड्यांनी भरून जायचा, हवेत कापसाचे तंतू उडायचे आणि कोथिंबिरीच्या जुड्यांवर येऊन चिकटायचे. ते निवडत बसायचं काम माझं. संध्याकाळी घरी अंबाडीची आंबट भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी. बापू जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. तसे ते कधीच फार बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक तेलुगू असो, मुसलमान असो की आपल्यातलं, बाई असली तर 'माय' आणि पुरुष असला तर 'बाबा', यापलीकडं त्यांची भाषा जात नसे. अशा माणसाला अशी बायको कशी मिळाली, असं लोक म्हणायचे. मला मात्र त्या दोघांचं फार जुळलेलं दिसायचं. तिचं बोलून व्हायचं आणि त्यांचं ऐकून व्हायचं.

चौकातल्या शिव्या वेगळ्या होत्या. त्या तिन्ही भाषांत चालायच्या. हमालावर खेकसताना उर्दूत, रिक्षावाल्याशी भांडताना तेलुगूत आणि मित्राला चहा पाजताना मराठीत. पण कुठल्याही भाषेत असो, त्या आईवर नाहीतर बहिणीवरच जायच्या. मायच्या शिवीत माणूस मरायचा, पण कुणाची बाई उघडी पडायची नाही. हा फरक मला फार लहानपणी कळला, कारण दुकानात बसल्या बसल्या मी दोन्ही ऐकत होते. पुरुष बोलण्यात श्वास घ्यावा तसे हे शब्द घ्यायचे. आणि आम्ही पोरी शाळेत जाता-येता चौक ओलांडताना चेहऱ्यावर असं काही आणायचो, की आम्हाला ऐकूच येत नाही. ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ज्या दिवशी पहिली वेणी घातली त्या दिवसापासून ते यायला लागलं, इतकंच.

मागच्या हिवाळ्यात इथल्या एका मंडळाचे लोक मला भाषणाला बोलवायला आले. मी तीस-पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता म्हातारी झाले, म्हणून त्यांना वाटलं की बाईंना 'आपल्या काळातली सभ्य भाषा आणि आजची घसरण' या विषयावर बोलता येईल. मी त्यांना म्हटलं, घसरण म्हणता, पण ती वस्तू आधी वर कुठं होती ते मला दाखवा. पाहुणे हसले. मी हसले नाही. लोक आधी गोड बोलत होते, हे खोटं आहे. आधीचे पुरुष बायांच्या कानाची पर्वा न करता बोलत होते आणि बाया गप्प होत्या, म्हणून गाव शांत वाटत होतं. ते भाषण मी दिलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे.

हे घडलं तेव्हा मी इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होते. चौकात गणपती बसायचा, आमच्या दुकानाला अगदी लागून. मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव. ते निवृत्त गिरदावर, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे महसूलवाले. बोलण्यात तहजीब, लिहाज, मेहेरबानी असले निजामाच्या कचेरीतले शब्द, डोक्यावर पांढरी टोपी, रस्त्यात भेटले की आधी स्वतः हात जोडणारे. त्यांचा पुतण्या दिलीप मंडपाचं सगळं पाहायचा. दिवे, पडदे, माइक. माइक त्याच्या हातून सुटतच नसे. विजेच्या खांबांवर बांधलेल्या कर्ण्यांतून त्याचं 'हॅलो, हॅलो' बसस्टँडपर्यंत ऐकू जायचं.

त्या दिवशी माय गाडा ढकलत आणत होती. गाड्यावर दुधी आणि कोथिंबीर. मंडपाचे दोर रस्त्यावर ताणून बांधलेले, त्यातल्या एका दोरात चाक अडकलं, दोर ताणला गेला आणि वरची दिव्यांची माळ खाली आली. दिलीप मंचावर, गणपतीच्या बाजूलाच उभा होता. माइक त्याच्या हातात होता आणि चालू होता. त्यानं तिथूनच मायला शिवी दिली. तिच्या आईवरची, पूर्ण. ती सगळ्या चौकातून, सगळ्या कर्ण्यांतून वाजली. माइक चालू आहे हे क्षणभर त्यालाही कळलं नाही. मग कळलं तसा तो हसला, आणि त्याच्याबरोबर चहाच्या टपरीवरचे, पानठेल्यावरचे, मंडपातले सगळे हसले.

मी मायकडं पाहिलं. वाटलं, आता ती सुरू होईल. तिच्यापाशी तर जगातल्या प्रत्येक गोष्टीसाठी शिवी होती. पण ती गप्प उभी होती. गाड्याची मूठ तिनं सोडली नव्हती आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर चाचपत होती, जसा काही तो कुणी ओढला आहे. माझ्या मायला गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढचं मी ठरवून केलेलं नाही. मांडीवरची कोथिंबीर खाली पडली, मी फळ्यांवरून उडी मारली आणि मंचाखाली जाऊन ओरडले:

'एवढे सुपाएवढे कान असून हा बहिरा झाला काय? झाला असन. आमी नाई झालो! उतर खाली, मुडद्या!'

माइक अजून चालूच होता. माझा आवाज माझ्याच अंगावर चारी बाजूंनी आला.

मुडद्या हे मी दिलीपला म्हटलं होतं. सुपाएवढे कान असलेला कोण, हे सांगायला नको. पण दिवे लागेपर्यंत गावात गोष्ट अशी झाली, की रामभाऊ भाजीवाल्याच्या पोरीनं गणपतीला मुडदा म्हटलं. स्टेशनपर्यंत जाता जाता मी मूर्तीवर चप्पल फेकली होती. कुणी सांगितलं, मूर्तीचा कान तुटला. आज फोनवर एका मिनिटात खोटं गावभर होतं म्हणून लोक फोनला नावं ठेवतात. तेव्हा असले फोन नव्हते. एवढंच की खोट्याला पायी जावं लागायचं, आणि तेही बरं भराभर चालायचं.

घरी माय मला रागावली नाही, शाबासही म्हणाली नाही. माझ्या भाकरीवर तुपाची धार मात्र जरा जास्त पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुंडलिकराव घरी आले. अंगणातल्या बाजेवर बसले. मायनं चहा केला, कारण दारात आलेल्याला चहा द्यायचाच, मग तो कोणीही असो. ते माझ्याकडं पाहत नव्हते. बापूंशीच बोलत होते.

'रामभाऊ, लिहाज नावाची चीज असते. पोरीच्या जातीनं भर चौकात देवाले मुडदा म्हनावं?'

'देवाले नाई म्हनलं. दिलीपले म्हनलं,' मी दारातून म्हटलं.

तरी त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. 'संध्याकाळी आरतीले तिले घेऊन या. माइकवर दोन शब्द म्हनावं, माही चूक झाली, देवा माफ कर. नाक घासावं, प्रसाद घ्यावा. मी मिटवतो. नाईतर पोट्टे ऐकून नाई राह्यले. तुमच्या दुकानावरून कोनी काडी नेनार नाई.'

'अन् तुमचा पोट्टा मले काय बोल्ला, ते इचारलं का त्याले?' मायनं विचारलं.

'वहिनी, ते तुमी मनावर घेऊ नका. जवान पोट्टे हायत, तोंडात बसलेलं असते. मनातून थोडंच बोल्ला तो? पन हिनं देवाचं नाव घेतलं. लोकायच्या भावना हायत.'

'म्हंजे मायचं नाव घेतलं त मनावर घेऊ नाई, अन् देवाचं घेतलं त घ्यावं. असंच ना?'

पुंडलिकरावांनी टोपी नीट केली. उरलेला चहा तसाच ठेवून ते उठले. 'आरतीले,' ते बापूंना म्हणाले आणि गेले.

'भावना' हा शब्द त्या अर्थानं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तेव्हा त्याला नुकते पाय फुटले होते. आता त्याला चाकं लागली आहेत.

बापू ओसरीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसले. मी बाजूला बसून दोऱ्या देत होते. शेवटी ते म्हणाले, 'मंजे, तुले माफी मागावी वाटली त माग. नाई वाटली त नको मागू. पन माह्यासाठी मागू नको.'

'अन् दुकान?'

'वांगेच हायत. सडले त ढोरायले टाकू.'

एवढं बोलून ते पुन्हा जुडी बांधायला लागले. बांधलेली जुडी दोनदा त्यांच्या हातून सुटली, ते मला दिसलं. घाबरलेला माणूस असं बोलतो तेव्हा ते शब्द फार जड असतात. मी ते आजवर वाहते आहे, आणि मला ते ओझं कधी वाटलं नाही.

आरतीला मी गेले. कॉलेजचा पांढरा ओढणीचा ड्रेस घातला होता. माय आणि बापू माझ्या दोन बाजूंना. मंडप भरलेला, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. बायांमध्ये पुढच्याच ओळीत दिलीपची आई होती, कमळाकाकू. त्या गणपतीला नेमानं दुर्वा आणायच्या. आदल्या दिवशी त्या बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेल्या होत्या आणि दुपारीच परतल्या होत्या, त्यामुळं त्यांना गावात फिरणारी गोष्ट तेवढी माहीत होती. दिलीप मंचाच्या पायरीपाशी हात बांधून उभा होता. पुंडलिकरावांनी लोकांना शांत केलं, 'पोरगी लहान हाये, चुकली, आपन मोठ्या मनानं घेऊ' असं काही म्हणाले आणि माइक माझ्या हातात दिला. तो त्यांच्या घामानं ओला होता.

'मी मंजुळा,' मी म्हटलं. 'माफी मागाले बोलावलं म्हनून आली. पन कशावरून झालं, ते देवाले कळाले पायजे. काल इथंच उभं राहून, याच माइकवरून, माह्या मायले एक शब्द म्हनला होता. गर्दीत त्याले ऐकू गेला नसन. म्हनून मी परत म्हनते.'

आणि मी ती शिवी म्हटली. जशीच्या तशी. एक अक्षर न गाळता, न चोरता, शाळेत कविता म्हणावी तशी स्पष्ट.

ती मी इथं छापत नाही, कारण पुस्तक छापणाऱ्यानं हात जोडले. ज्याला हवी असेल त्यानं कुठल्याही गावात कुठल्याही चौकात जाऊन उभं राहावं. विचारायची गरज पडणार नाही.

मंडपात असं झालं, की जणू छतच खाली आलं. बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी 'राम राम राम' करायला लागली. पुंडलिकराव माइककडं धावले. 'बंद करा, माइक बंद करा! देवासमोर असले शब्द! लाज हाये का पोरी तुले?'

'काल हेच ऐकून तुमी हसले, काका,' मी म्हटलं. 'तुमी टपरीपाशी होते. मी पाह्यलं. काल याच देवासमोर तो शब्द चालला, अन् आज माह्या तोंडात आल्यावर घान झाला काय?'

ते थांबले. माइक घ्यायला पुढं केलेला हात तसाच राहिला. तहजीबवाला माणूस एवढ्या लोकांत दुसऱ्या हातानं टोपी चाचपू लागला, हे मी डोळे भरून पाहिलं. आणि तेव्हा बायांच्या बाजूनं कमळाकाकू उभ्या राहिल्या.

'हे कोन म्हनलं होतं काल?' त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. दिलीप मान खाली घालून पायरीकडं बघत होता. कमळाकाकूंनी हातातल्या दुर्वा शेजारणीकडं दिल्या, गर्दीतून वाट काढत पायरीपाशी गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, 'दिल्या, घरी चाल.' तो काही बोलायला गेला. 'चाल,' त्या पुन्हा म्हणाल्या. दोघं माझ्या समोरून गेले. काकूंनी माझ्याकडं पाहिलं नाही. मायकडं पाहिलं आणि एक क्षण तिच्या दंडावर हात ठेवला.

मला कुणीतरी मागून म्हणालं, 'अन् माफी?' मग मी गणपतीकडं वळले. 'देवा, काल तुले बहिरा म्हनलं. ते चुकलं. कोन बहिरं हाये ते आता समजलं मले.' आणि माइक आरतीच्या ताटाशेजारी ठेवून दिला. नाक घासलं नाही. प्रसाद बाहेर वाटत होते तो घेतला, कारण तो देवाचा होता, पुंडलिकरावांचा नव्हता.

शिव्या त्यानं थांबल्या, असं मी सांगणार नाही. चौक तोच राहिला. दुकानावरून मंडळवाल्यांच्या घरी भाजी जाणं बंद झालं आणि ते बराच काळ बंद राहिलं. वांगी खरंच ढोरांना टाकावी लागली. रेल्वेकडच्या तेलुगू बाया मात्र मुद्दाम वळसा घालून यायच्या, मला 'माइक अम्मायी', म्हणजे माइकवाली पोरगी, म्हणायच्या आणि भाव न करता अंबाडी न्यायच्या. मायचं बोलणं काही दिवस बसलं होतं. पाणी भरताना, चुलीपाशी, सगळीकडं ती गप्प. एका सकाळी शेळीनं दावं तोडलं आणि मायनं तिच्या सात पिढ्यांना मसणात पोचवलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. बापू दात घासता घासता हसत होते.

अजूनही मला लोक सांगतात, बाई, सोडून द्या, लोकांच्या तोंडाला कोण लागणार. आमच्या कॉलनीचा फोनवर एक गट आहे. त्यात एक निवृत्त साहेब सकाळी फुलांच्या हारातला देव पाठवतात आणि दुपारी दुसऱ्या धर्माच्या बायांबद्दल असं काही, की दिलीप परवडला. मी तिथं लिहिलं, साहेब, सकाळचा देव दुपारी कुठं ठेवता? संध्याकाळपर्यंत मला गटातून काढलं. कारण दिलं, सभ्य भाषा वापरली नाही. ठीक आहे. मी तशीही दुपारी झोपते.

त्या गणपतीनंतर दिवाळी होऊन गेली आणि मला पहिलं स्थळ आलं, मुधोळकडचं. मुलगा सरकारी नोकरीत, घरची शेती. माझं लग्न पुढं दुसरीकडं झालं, चांगलं झालं, आणि आमची भांडणंही चांगली झाली. पण हे लोक मला आठवतात. मायनं त्या दिवशी पोह्यांत शेंगदाणे हात सैल सोडून टाकले होते. वर कोथिंबीर आपल्याच शेतातली. मुलगा भिंतीकडं बघत होता, त्याची आई माझ्या पायांकडं. मुलाच्या वडिलांनी बशी हातात घेतली, पण खाल्लं नाही. त्यांना बहुतेक रस्त्यातच कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी बापूंना विचारलं, 'गणपतीत माइकवर बोलली, ते तुमची दुसरी पोरगी का?'

बापूंना दुसरी पोरगी नव्हती. मला ठाऊक आहे, त्या माणसानं बापूंना एक वाट काढून दिली होती. पुतणी म्हणा, शेजारची म्हणा, काहीतरी म्हणा. बापूंनी तोंड उघडलं, पण मी आधी बोलले.

'दुसरी कोनी नाई. मीच ते.'

मग मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली, त्यांच्या बायकोनं ठेवली, मुलानं ठेवली. 'कळवतो' असं म्हणून ते उठले. बापू त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले, प्रत्येकाला 'बाबा', 'माय' म्हणत. माय भिंतीला टेकून उभी होती. मी खाली बसले, माझी बशी मांडीवर घेतली आणि खायला लागले. पोहे अजून गरम होते.